विधानसभेत मंजूर झालेलं विधेयक स्वतः शोधून कसं वाचायचं, आणि तो कायदा झाला की नाही हे कसं ओळखायचं

महाराष्ट्रात "शक्ती कायदा" लागू आहे असं समजणारे लोक आजही भरपूर भेटतात, सोसायटीच्या ग्रुपवर भेटतात, कॉलेजच्या कार्यक्रमात माईक हातात घेऊन बोलणारे सुद्धा भेटतात. झालं असं की महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा ठेवणारं हे शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत आणि मग विधान परिषदेत मंजूर झालं, सगळीकडे हेडलाईन आली, आणि लोकांनी डोक्यात पक्कं केलं की झाला कायदा. पण ते पुढे राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला गेलं आणि कायदा होऊन काही परत आलं नाही. वर १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, म्हणजे ज्या कायद्यात हे विधेयक दुरुस्ती करणार होतं तो कायदाच राहिला नाही. एखाद्या मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सांगितलं की "शक्ती कायद्याखाली तक्रार दे" तर तो सल्ला किती घातक आहे विचार करा.

म्हणून हे सगळं लिहितोय. दर अधिवेशनात ढीगभर विधेयकं मंजूर होतात, जमिनीची, भाडेकरूंची, शाळेच्या फीची, सहकारी संस्थांची, महापालिकेची, आणि त्यातलं एखादं तरी तुमच्या घरात येऊन पोचतंच. बातमीतल्या चार ओळींवर किंवा फॉरवर्डवर विसंबून न राहता मूळ कागद वाचता आला पाहिजे. वकील असायची गरज नाही, मराठी वाचता येतं आणि अर्धा तास आहे एवढं पुरे.

आधी नाव आणि नंबर पकडा

बातमीत जे नाव येतं ते बहुतेक वेळा टोपणनाव असतं. "जनसुरक्षा कायदा" म्हणून सगळे ओळखतात त्याचं खरं नाव महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक, २०२४. "जादूटोणा कायदा" शोधाल तर अर्धे ब्लॉगच सापडतील, त्याचं अधिकृत नाव एवढं लांब आहे की एका श्वासात वाचून होत नाही. तर आधी पूर्ण नाव काढा आणि त्याच्यासोबतचा नंबर काढा, "सन २०२४ चे विधानसभा विधेयक क्रमांक अमुक" असा. विधान परिषदेत आधी मांडलं असेल तर विधान परिषद विधेयक क्रमांक. हा नंबर महत्त्वाचा का, तर एकाच नावाचं विधेयक दोनदा मांडलं जाऊ शकतं. जनसुरक्षाचंच बघा ना, जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात मांडलं पण मंजूर व्हायच्या आत विधानसभेची मुदत संपली, आणि विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेलं विधेयक व्यपगत होतं, म्हणजे संपतं. मग निवडणुकीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला नव्याने मांडलं. तेव्हा तुमच्या हातातली पीडीएफ जुलैची की डिसेंबरची हे नंबर बघितल्याशिवाय कळणार नाही.

मिळतं कुठे? पहिली जागा महाराष्ट्र विधानमंडळाची वेबसाईट, एमएलएस डॉट ओआरजी डॉट इन. तिथे दोन्ही सभागृहांची विधेयकं आणि रोजचा कामकाजाचा क्रम मिळतो. दुसरी जागा शासनाचं ई-राजपत्र, तिथे "असाधारण" राजपत्रात विधेयकं, अध्यादेश आणि अधिनियम (म्हणजे झालेले कायदे) छापले जातात. तिसरी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची साईट, ते लोक राज्यांची विधेयकंही एका जागी गोळा करतात आणि मोठ्या विधेयकांचा सोप्या इंग्रजीत गोषवारा देतात. कायदा होऊन जुना झालेला असेल तर इंडिया कोड या सरकारच्या कायद्यांच्या साईटवर बघायचं. गूगलवर शोधणार असाल तर मराठी नाव अवतरणचिन्हात टाकून शोधा, नाहीतर बातम्यांचाच पाऊस पडतो. मराठी पीडीएफ कधीकधी जुन्या फॉन्टमधली किंवा स्कॅन केलेली असते, त्यात शब्द शोधायला गेलं की काहीच सापडत नाही, तेव्हा मुकाट्याने पानं उलटायची.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती उतरवून ठेवा. विधेयक मराठीत असलं तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे प्राधिकृत पाठ मानला जातो, त्यामुळे मराठी वाक्य अडलं किंवा दोन अर्थ निघतायत असं वाटलं तर इंग्रजी उघडून ताडून बघायचं.

तुमच्या हातातली प्रत कोणती आहे

इथे भलेभले फसतात, पत्रकार सुद्धा. एका विधेयकाच्या निदान दोन प्रती असतात, मांडलेली आणि मंजूर झालेली, आणि मधे समिती बसली असेल तर तिसरी, समितीने सुधारलेली. साईटवर सगळ्यात आधी आणि सगळ्यात सहज सापडते ती मांडलेली.

जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेलं होतं, मंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते, लोकांकडून १२ हजारांहून जास्त सूचना आणि हरकती आल्या. समितीने बदल सुचवले आणि ते किरकोळ नव्हते. दीर्घ शीर्षकात आधी व्यक्ती आणि संघटना यांच्या बेकायदेशीर कृत्यांना प्रतिबंध असा रोख होता, तो बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तशा प्रकारच्या संघटनांच्या कृत्यांवर आणला. संघटनेवरची बंदी योग्य आहे का ते तपासणाऱ्या सल्लागार मंडळावर कोण असेल ते बदललं. तपास करणारा अधिकारी पोलीस उपनिरीक्षक चालेल असं होतं, तो पोलीस उपअधीक्षक दर्जाचा केला. मग १० जुलै २०२५ ला विधानसभेत आवाजी मतदानाने आणि ११ जुलैला विधान परिषदेत विरोधकांच्या सभात्यागात ते मंजूर झालं. आता जो माणूस डिसेंबरची प्रत हातात धरून जुलैनंतर वाद घालतो, मग तो बाजूने असो नाहीतर विरोधात, तो अस्तित्वात नसलेल्या मजकुरावर वाद घालतोय. माझं स्वतःचं मत असं की या विधेयकावर जेवढी चर्चा झाली तेवढी व्हायलाच पाहिजे होती आणि अजून व्हायला पाहिजे, पण ती मंजूर झालेल्या मजकुरावर.

म्हणून पहिल्या पानावर बघा काय लिहिलंय. "विधानसभेत पुरःस्थापित केल्याप्रमाणे" असं असेल तर ती मांडलेली प्रत. "दोन्ही सभागृहांनी संमत केल्याप्रमाणे" असेल तर मंजूर झालेली. आणि वर "सन अमुक चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक" असं छापलेलं असेल तर झाला, तो कायदा झाला.

वाचायचं उलटीकडून

विधेयक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की दुसऱ्या पानावर झोप येते, हे नक्की. त्यामुळे शेवटाकडे जा. तिथे "उद्देश व कारणे यांचे निवेदन" असतं, एक-दोन पानांचं, सरकारला हे का करायचंय ते मंत्र्याच्या सहीने साध्या वाक्यांत लिहिलेलं. ते आधी वाचा, म्हणजे आतल्या कलमांचा रोख कळतो. पण एक सांगतो, ते निवेदन म्हणजे सरकारची बाजू, कायद्याचा भाग नाही. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात चालतं ते कलमात लिहिलेलं. निवेदनात जे वचन दिलंय ते कलमांत खरंच उतरलंय का, हे तपासणं हा विधेयक वाचण्याचा अर्धा फायदा आहे.

निवेदनाच्या आसपास दोन ज्ञापनं, म्हणजे टिपणं, असतात जी कोणीच वाचत नाही. वित्तीय ज्ञापनात सरकारी तिजोरीतून खर्च किती आणि कशावर ते असतं, आणि एखादं नवीन प्राधिकरण, नवीन आयोग, नवीन न्यायाधिकरण उभं करायच्या विधेयकात इथे ठोस आकडा नसेल तर समजून जा की ते कागदावर बरेच दिवस राहणार. दुसरं वैधानिक अधिकार सोपवण्याबाबतचं ज्ञापन, यात कुठल्या कुठल्या खंडाखाली (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात) नियम करायचे किंवा अधिसूचना काढायचे अधिकार सरकार स्वतःकडे ठेवतंय त्याची यादीच असते. ही यादी लांब असेल तर खरा कायदा विधिमंडळात नाही, मंत्रालयात लिहिला जाणार आहे. मला तर वाटतं प्रत्येक बातमीत ही यादी छापली पाहिजे.

मग पुढे या. खंड १, त्यात नाव, व्याप्ती आणि तो कधी अंमलात येणार. खंड २, व्याख्या, इथे थांबा, घाई करू नका. "भोगवटादार", "संस्था", "बेकायदेशीर कृत्य", "सक्षम प्राधिकारी" यांचा अर्थ आपल्या मनातला नसतो, त्या खंडात लिहिलेला असतो, आणि तुम्ही कायद्यात बसता की नाही हे तिथेच ठरतं. व्याख्येत "याचा अर्थ अमुक" असेल तर ती बंद झाली, "यात अमुक अमुक यांचा समावेश होतो" असेल तर दार उघडं आहे, अजून गोष्टी आत येऊ शकतात. नंतर शिक्षेचे खंड, दंड किती, कैद किती, गुन्हा दखलपात्र का, जामीनपात्र का. मग अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, ही मुदत लगेच कागदावर उतरवून ठेवा कारण सामान्य माणूस हरतो तो मुदत चुकल्यामुळे. शेवटी "निरसन व व्यावृत्ती", म्हणजे कुठला जुना कायदा जातोय आणि आधी चालू झालेल्या प्रकरणांचं काय होणार. तुमची केस आधीच कुठे चालू असेल तर तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा खंड हाच.

दुरुस्ती विधेयक असेल तर

नवीन कोरे कायदे कमीच येतात, बरीचशी विधेयकं "सुधारणा विधेयक" असतात, आणि ती नुसती वाचून काही म्हणजे काही कळत नाही. आत असं लिहिलेलं असतं की मुख्य अधिनियमाच्या कलम ४ च्या पोटकलम (२) मध्ये "तीस दिवस" या मजकुराऐवजी "पंधरा दिवस" हा मजकूर दाखल करण्यात येईल. बस्स, एवढंच. कशाचे तीस दिवस, कोणासाठी, काही पत्ता नाही. आणि तुमची अपिलाची मुदत अर्धी झालेली असते बरं का.

यावर उपाय कंटाळवाणा आहे पण रामबाण आहे. मूळ कायद्याची प्रत इंडिया कोडवरून किंवा विधी व न्याय विभागाच्या साईटवरून घ्या, ते पान प्रिंट काढा किंवा मोबाईलवर दुसऱ्या खिडकीत उघडा, आणि पेन्सिलने जुना शब्द खोडून नवीन शब्द वर लिहा. विधेयकाच्या मागे परिशिष्टात बऱ्याचदा मूळ कायद्यातली संबंधित कलमं छापलेली असतात, ती असली तर काम अजून सोपं. सगळ्या दुरुस्त्या अशा चढवल्या की मग ते कलम सलग एकदा मोठ्याने वाचा. मोठ्याने का, तर कायद्याच्या मराठीत एक वाक्य आठ ओळींचं असतं आणि डोळ्यांनी वाचताना "परंतु" सुटून जातो. "परंतु" ने सुरू होणारा परिच्छेद म्हणजे अपवाद, आणि पुष्कळदा सगळी मेख तिथेच असते.

मंजूर म्हणजे कुठे मंजूर

महाराष्ट्रात दोन सभागृहं आहेत, २८८ जणांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद. "विधानसभेत मंजूर" आणि "विधिमंडळात मंजूर" या दोन वेगळ्या बातम्या आहेत. लोकायुक्त विधेयक २८ डिसेंबर २०२२ ला नागपूरच्या अधिवेशनात विधानसभेत मंजूर झालं आणि परिषदेत मंजूर व्हायला १५ डिसेंबर २०२३ उजाडला. मधलं जवळजवळ वर्षभर लोक "लोकायुक्त कायदा आला" म्हणत होते. संविधानात परिषदेला साधं विधेयक कायमचं अडवता येत नाही, पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने परत मंजूर केलं तर आणखी एक महिना, धन विधेयक (म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या विषयांचं) असेल तर फक्त १४ दिवस. पण ही मुदत विधानसभेने जोर लावला तर कामी येते, नाहीतर विधेयक समितीत किंवा यादीत तसंच पडून राहतं.

गोव्यातल्या मंडळींना हा भाग सोडून देता येईल, तिकडे ४० जणांची एकच विधानसभा. बेळगावकडच्यांना मात्र लागू आहे, कर्नाटकात दोन सभागृहं आहेत.

सही, आणि सहीनंतर

दोन्हीकडे मंजूर झालं की विधेयक राज्यपालांकडे जातं. अनुच्छेद २०० प्रमाणे ते सही करू शकतात, धन विधेयक नसेल तर संमती रोखून फेरविचाराला परत पाठवू शकतात, किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकतात. यासाठी किती दिवस, हा प्रश्न तामिळनाडूच्या प्रकरणात खूप गाजला. सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी एप्रिल २०२५ मध्ये मुदती घालून दिल्या होत्या, पण नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, सरन्यायाधीश भूषण गवई अध्यक्ष असताना, सांगितलं की कोर्ट अशी ठरावीक मुदत लादू शकत नाही आणि सही झाली असं मानूनही घेता येत नाही, मात्र राज्यपालांना विधेयक कारण नसताना अनंत काळ दाबून ठेवता येणार नाही. तेव्हा "इतक्या दिवसांत आपोआप कायदा होतो" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

राष्ट्रपतींकडे कुठलं विधेयक जातं? साधारणपणे विषय समवर्ती सूचीतला असेल, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचाही, आणि त्यावर केंद्राचा कायदा आधीच असून राज्याला त्याच्यापेक्षा वेगळं काही करायचं असेल तर. शक्तीचं हेच झालं. उलट उदाहरण मराठा आरक्षणाचं, २० फेब्रुवारी २०२४ ला एका दिवसाचं विशेष अधिवेशन, त्याच दिवशी दोन्ही सभागृहांत १० टक्के आरक्षणाचं विधेयक मंजूर आणि त्याच महिन्यात राजपत्रात कायदा. आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचं विधेयक, एप्रिल २०१६ मध्ये मंजूर, राष्ट्रपतींची संमती घेऊन कायदा अंमलात आला ३ जुलै २०१७ ला. जात पंचायतीने वाळीत टाकलेल्या घरांसाठी मधले पंधरा महिने काही छोटे नव्हते.

सही झाली की राजपत्रात अधिनियम म्हणून छापतात आणि नवा क्रमांक मिळतो. इथेही थांबायचं नाही, खंड १ परत उघडा. "राज्य शासन राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नियत करील अशा दिनांकास अंमलात येईल" असं लिहिलेलं असेल तर कायदा झालाय पण चालू झालेला नाही, ती अधिसूचना वेगळी शोधावी लागेल. कधी कधी वेगवेगळी कलमं वेगवेगळ्या तारखांना सुरू होतात.

आणि मग नियम. कलमात जिथे जिथे "विहित करण्यात येईल अशा रीतीने" लिहिलंय तिथे तिथे अर्ज कसा, फी किती, कोणाकडे, हे सगळं नियमात येणार. बैलगाडा शर्यतीचं माहीत असेलच. एप्रिल २०१७ मध्ये विधिमंडळाने केंद्राच्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात महाराष्ट्रापुरती दुरुस्ती मंजूर केली, राष्ट्रपतींची संमती आली, गावागावात गुलाल उधळला गेला, आणि त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने नियम झाल्याशिवाय शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. नियम झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १६ डिसेंबर २०२१ ला अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तामिळनाडूचा जल्लीकट्टू, कर्नाटकातला कंबळा आणि आपली शर्यत, तिन्हीचे कायदे वैध ठरवले. मंजुरीपासून शेवटच्या निकालापर्यंत सहा वर्षं. त्या काळात "कायदा झालाय ना" म्हणून शर्यत भरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले.

अध्यादेश वेगळा

अधिवेशन चालू नसताना सरकारला घाई असेल तर राज्यपाल अध्यादेश काढतात. तो निघाल्या दिवसापासून कायद्याइतकाच चालतो, पण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधिमंडळाने त्याचं विधेयक मंजूर केलं नाही तर तो संपतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरला विधेयक मंजूर झालं. लोकसेवा हक्काचंही तसंच, २८ एप्रिल २०१५ ला अध्यादेश, नंतर अधिनियम, पण अधिनियमात लिहिलंय की तो २८ एप्रिलपासूनच अंमलात आल्याचं मानावं. म्हणून अध्यादेशामागून आलेल्या विधेयकात लागू व्हायची तारीख मागची असते, ती बघून घ्यायची आणि अध्यादेश आणि विधेयक यांत काही फरक केलाय का तेही.

आपण मधे पडायचं कधी

खरी संधी विधेयक समितीकडे असताना असते. समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सूचना मागवते, मुदत छोटी असते, आणि तिथे पाठवलेलं पत्र वाचलं जातं. पत्र लिहिताना भाषण लिहू नका. विधेयकाचं पूर्ण नाव, नंबर, मग "खंड ५, पोटखंड (२)" असं नेमकं सांगून सध्याचा मजकूर काय, तुम्हाला काय हवा आणि का, एवढंच, एका खंडाला एक परिच्छेद. शंभर जणांनी एकच छापील मजकूर पाठवण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या अनुभवातलं लिहिलं तर जास्त उपयोग, शेतकऱ्याने सातबाऱ्यावर काय अडतं ते लिहावं, अंगणवाडी सेविकेने तिच्याकडे काय येतं ते.

समिती नसेल तर आपल्या आमदाराला गाठा, पण अधिवेशनाच्या आधी. मुंबईत मार्चच्या आसपास अर्थसंकल्पी, जून-जुलैत पावसाळी आणि डिसेंबरात नागपूरला हिवाळी, असं साधारण चक्र आहे. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत विधेयकं धडाधड मंजूर होतात, कधी कधी चर्चा काही मिनिटांची, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं कारण कोट्यवधी लोकांना लागू होणाऱ्या गोष्टीवर निदान खंडशः बोललं तरी पाहिजे. त्या दिवशी आमदाराला फोन करून काही उपयोग नाही, त्याच्यापुढे कागदच नुकता आलेला असतो. दुरुस्ती सुचवायची असेल तर तयार वाक्य लिहून द्या, "अमुक शब्दांऐवजी अमुक शब्द दाखल करावेत" या साच्यात, म्हणजे त्याला ते तसंच सभागृहात मांडता येतं.

आणि मंजूर होऊन महिने उलटले, राजपत्रात सापडत नाही, तर माहितीच्या अधिकारात विधी व न्याय विभागाकडे अर्ज टाका. अर्जात तीनच प्रश्न ठेवा, विधेयक राज्यपालांकडे कोणत्या तारखेला पाठवलं, त्याची आजची स्थिती काय, आणि संमती मिळाली असल्यास राजपत्राचा दिनांक काय. नियम झाले का हे विचारायचं असेल तर तो अर्ज विधी विभागाकडे नाही, ज्या खात्याचं विधेयक आहे त्या खात्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, महसूल असेल तर महसूल, गृहनिर्माण असेल तर गृहनिर्माण. फी १० रुपये, ऑनलाईन भरता येते, उत्तराची मुदत ३० दिवस.